घरमालकाची सही

आमच्या घरमालकांना कुणी नुसतं ‘आज लई ऊन आहे’ म्हटलं तरी ते विचारायचे, “पुरावा?”

चेष्टा म्हणून नव्हे, अगदी मनापासून. आयकर खात्यात उभी हयात घालवून ते निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि तो एक शब्द त्यांच्याबरोबर घरी आला होता. दूधवाला म्हणाला, “साहेब, आज निव्वळ म्हशीचं आणलंय,” की पुरावा. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, “आमटीत मीठ घातलंय,” की पुरावा. काकू मग चमचाभर गरम आमटी त्यांच्या तळहातावर ओतायच्या. साहेबांना चटका बसायचा, पण ते चाटून बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, “मान्य.”

गल्लीत सगळे त्यांना साहेबच म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. धाराशिवात तुळजापूरच्या रस्त्याकडं जाताना आत वळलं की त्यांचं घर. मागच्या अंगाला एक खोली होती, तिथं मी भाड्यानं राहायचे. आमचं गाव वाशी तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, थोडी शेती करतात आणि वाशीच्या बाजारात कांदा-लसूण विकतात. मी नर्सिंगचं शिक्षण पुरं करून धाराशिवातल्या एका खासगी दवाखान्यात लागले होते.

साहेबांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. मन शांत असलं की ते सरकारी मराठी बोलायचे. चहा पिऊन झाल्यावर, “सदर चहा समाधानकारक आहे.” मांजरानं दुधाला तोंड लावलं तर, “सदर मांजराने पूर्वपरवानगीशिवाय दूध प्राशन केले आहे.” पण आतून काही हललं, राग आला किंवा गलबलून आलं, की सदर आणि उपरोक्त गळून पडायचे आणि येरमाळ्याकडची त्यांची गावाकडची बोली बाहेर यायची. त्यामुळं त्यांच्या मनात काय चाललंय ते ओळखायला आम्हाला चेहरा बघावा लागत नसे.

लग्नपत्रिका आली की ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, आडनावातली चूक काढायचे, आणि लग्नाला जाताना आहेराबरोबर ती सुधारलेली पत्रिका नवरदेवाच्या बापाच्या हातात द्यायचे. “पुढच्या मुलाच्या वेळी उपयोगी पडेल.” काही घरांनी त्यांना पत्रिका देणंच बंद केलं होतं. साहेब तरीही लग्नाला जायचे आणि मांडवात लावलेली पाटी तपासायचे.

सही करणं हा तर सोहळाच असायचा. सहीसाठी त्यांचा चष्मा वेगळा होता. आधी हात धुवायचे, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचे, काकूंना मिक्सर बंद करायला लावायचे, आणि मग स्वतःचं पूर्ण नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं असं लिहायचे. कुरिअरवाल्या पोरांना त्यांच्या दाराचा धाकच बसला होता.

असा हा माणूस, आणि त्यानं एकाही भाडेकरूशी कधी भाडेकरार केला नव्हता. भाड्याचं उत्पन्न दरवर्षी आपल्या विवरणपत्रात न चुकता दाखवायचे, त्यात तसूभर इकडंतिकडं नाही. पण कराराचा कागद मात्र नाही. ह्या गोष्टीचा उलगडा मला फार उशिरा झाला.

खोली ठरवायला आबा माझ्याबरोबर आले होते तो दिवस मला आठवतो. साहेबांनी आम्हाला ओसरीत बसवलं आणि खोली दाखवायच्या आधीच म्हणाले, “प्रथम माझे आडनाव सांगतो. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. नंतर तुमची अडचण व्हायला नको, म्हणून आधी सांगितले.”

आबांनी अंगणातल्या नळाकडं एकदा बघून घेतलं. आमच्या गावात ह्या गोष्टी अजून किती पाहतात ते मला माहीत होतं, त्यामुळं मी खाली बघत बसले. मग आबांनी विचारलं, “खोलीत पाणी कवा येतं?”

“दिवसाआड,” काकू आतून म्हणाल्या. “पण टाकी हाय.”

“मग बरं हाय,” आबा म्हणाले. “पोरीची ड्युटी कधी दिवसा असती, कधी रातच्याला. पाण्याची आबाळ नको.”

तेवढ्यावर खोली ठरली. ना कागद, ना ओळखीचा माणूस. साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि चक्क माझ्या वडिलांकडं पुरावा मागितला नाही.

पुढं आमचं चांगलं जमलं. माझं जेवण काकूंच्या स्वयंपाकघरातच व्हायला लागलं. त्याच सुमारास दवाखान्यातल्या एका मैत्रिणीच्या नादानं मी मोबाईलवर जर्मन भाषेचे वर्ग सुरू केले. तिकडं परिचारिकांना मागणी आहे, भाषा आली की दवाखानेच बोलावून घेतात, असं ती सांगायची. तिनं दोन महिन्यांत सोडलं, मी धरून राहिले. शब्द पाठ व्हावेत म्हणून मी काकूंच्या भांड्याकुंड्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. पातेल्याला टोप्फ, चमच्याला लोफेल, मिठाला झाल्त्स. काकूंची तक्रार एवढीच होती की जर्मन लोकांकडं पोळपाटाला शब्द नाही.

साहेबांना ह्या सगळ्यात रस निर्माण झाला तो करामुळं. “परदेशी नोकरीला जाणार म्हणजे तुझा निवासी दर्जा बदलणार,” ते म्हणाले, आणि त्या संध्याकाळी मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं प्रकरण ऐकायला मिळालं. आयकराच्या कायद्यात माणसं तीन तऱ्हेची असतात. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ देशात काढला तर बहुतेक माणूस निवासी. बाहेर काढला तर अनिवासी. आणि तिसरा प्रकार सांगताना साहेबांचा आवाज खाली यायचा, जसं काही देवाचं नाव घ्यायचंय. “निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला.”

मला हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. “हसू नकोस. पुष्कळ लोक ह्याच वर्गात मोडतात. आमचा धाकटा भाऊ पुण्यात राहतो, लग्नकार्याला येतो, जेवतो, वाद घालतो, जातो. काय म्हणशील त्याला?”

“आणि मांजर?” काकूंनी विचारलं.

“सदर मांजर त्याच वर्गातले,” साहेब म्हणाले.

दीडेक वर्षानं माझी परीक्षा झाली, मोबाईलवरच मुलाखती झाल्या, आणि जर्मनीतल्या एका छोट्या शहरातल्या रुग्णालयानं मला घ्यायचं ठरवलं. पत्र आलं त्या दिवशी काकूंनी पुरणपोळी केली. आता पासपोर्ट काढायचा, मग व्हिसा, मग विमान. मला वाटलं अवघड ते संपलं.

पासपोर्टच्या अर्जात मी गावचा पत्ता दिला होता. आधार कार्डावर तोच होता, आणि आपलं घर म्हटल्यावर गावच डोळ्यांपुढं येतं. पोलीस तपासाला गावात गेला, तेव्हा मी इथं ड्युटीवर होते. शेजारच्या म्हातारीनं त्याला सांगितलं, “ती पोर इथं कुठं राहती? ती तर धाराशिवला असती.” तिचं काही चुकलं नव्हतं. पण अहवाल गेला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. महिन्याभरानं पासपोर्ट कार्यालयाचं पत्र आलं. सध्याच्या पत्त्याचा पुरावा द्यावा, नाहीतर अर्ज बंद करण्यात येईल. सोबत कोणते पुरावे चालतील ते लिहिलं होतं. त्यातला मला जमण्यासारखा एकच होता, नोंदणी केलेला भाडेकरार.

मी निर्धास्त होते. पुराव्याचा एवढा मोठा भक्त घरात असताना काळजी कसली? पत्र घेऊन मी साहेबांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, घडी घातली, परत माझ्या हातात दिलं.

“न्हाय,” ते म्हणाले. “भाडेकरार म्या करत नसतो. दुसरं काय बी सांग.”

सरकारी मराठीचा मागमूस नव्हता. मी काही बोलायच्या आत ते चप्पल घालून बाहेर निघून गेले.

ते दिवस वाईट गेले. तिकडून रुग्णालयाची बाई दर आठवड्याला विचारायची, पासपोर्ट कधी मिळणार? शरद ऋतूत नव्या मुली रुजू होणार होत्या, आणि माझा पासपोर्ट वेळेत आला नाही तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. हे तिनं गोड शब्दांत पण स्पष्ट कळवलं होतं. गावाकडून आईचा फोन यायचा. तिच्या बोलण्यात एका स्थळाचा उल्लेख आता जास्त वेळा यायला लागला होता. मुलगा चांगला आहे, त्यांना नोकरी करणारी चालते, फक्त लांब नको. साहेब माझ्याशी बोलायचे, पण पावसापाण्याचं. पुरावासुद्धा मागेनात. दूधवाल्यानं एकदा मुद्दाम “निव्वळ म्हशीचं” म्हणून बघितलं, तर साहेब नुसते “बरं” म्हणाले. तो घाबरून काकूंना विचारून गेला, “साहेबांची तब्येत बरी हाय नव्हं?”

एका दुपारी दोघं ओसरीत चिंचा फोडत बसली होती. गावाकडून पोतंभर चिंच आली होती, ती फोडून, चिंचोके काढून ठेवायची. मीही बसले. मग साहेबांनी खाली बघतच सुरुवात केली.

“म्या इथं पहिल्यांदा नोकरीला आलो तवा खिशात नेमणुकीचा हुकूम होता. सरकारी माणूस. मला वाटलं खोली काय, कुणी बी देईल. पहिल्या घरी गेलो. मालकानं नाव विचारलं. आडनाव ऐकलं. म्हनला, खोली हाय, पण कागद लागतील. साहेबाचं पत्र आणा. म्या आणलं. म्हनला, ओळखीच्या माणसाची चिठ्ठी आणा. ती बी आणली. म्हनला, गावच्या पाटलाचा दाखला आणा. येरमाळ्याला जाऊन तो बी आणला.” त्यांनी एक शेंग हातातच धरून ठेवली. “तर त्या खोलीत दुसराच बसलेला. त्याला विचारलं, तू काय काय कागद दिलास? तो म्हनला, कागद? कशाचे कागद?”

काकूंनी ही गोष्ट आधी ऐकलेली असणार. त्यांचे हात चालू होते.

“अशी चार-पाच घरं झाली. मग ध्यानात आलं. त्यांना कागद नको व्हता, मी नको व्हतो. तोंडानं म्हणायची लाज वाटती म्हणून कागद मागायचे. शेवटी एका मुसलमान शिंप्यानं दुकानाच्या माळ्यावर जागा दिली. त्यानं माझं नाव बी दुसऱ्या दिवशी विचारलं, ते बी सदऱ्याचं माप लिहून घ्यायला. घर बांधलं तवा ठरवलं, माझ्या दारात येईल त्याला म्या कागद मागणार न्हाय. तुझ्या बापानं पाण्याचं विचारलं. मला तेवढं बास झालं.”

जे मी मागत होते तेच नेमकं त्यांनी आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं होतं. मी म्हणाले, “राहू द्या साहेब. मी दुसरं काही बघते.” दुसरं काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तेव्हा काकूंनी हातातला दगड खाली ठेवला. “तुमच्याकडं कुणी कागद मागितला, आन् तुम्हाला भायेर ठेवलं. ते खरं. पण हितं कोण मागतंय? तुम्ही पोरीकडं कागद मागत न्हाईसा. पोरगी तुमच्याकडं मागती. ती म्हणती, म्या हितं राहते एवढं लिहून द्या. तुम्हाला एक तरी माणूस भेटला का त्या वक्ताला, असं लिहून देणारा? भेटला असता तर न्हाय म्हनला असता का तुम्ही?”

राहिलेल्या सगळ्या चिंचा साहेबांनी फोडल्या, टरफलं गोळा केली आणि आत जाऊन झोपले.

सकाळी मी ड्युटीला निघाले तर साहेब दारात उभे. अंगात इस्त्रीचा सफारी, हातात पिशवी. “आधार कार्ड सोबत घे,” ते म्हणाले. “आपणास दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात उपस्थित राहायचे आहे.”

सदर परत आलं होतं. मला रस्त्यातच रडू आलं. साहेबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

करार त्यांनी रात्रीतूनच स्वतः लिहून काढला होता. कार्यालयात सांगितलं की आता हे सगळं संगणकावर होतं, आणि मोबाईलवर आकडा येतो तो लगेच सांगावा लागतो. साहेबांना हे पटेना. आकडा आला की ते आधी वाचायचा चष्मा काढणार, मग दुसरा लावणार, मग आकडा कागदावर उतरवून मला तपासायला देणार. तोवर आकड्याची मुदत संपायची. असं तीनचार वेळा झालं. शेवटी कारकून हात जोडून म्हणाला, “साहेब, मी वाचतो, तुम्ही नुसतं व्हय म्हणा.” त्यावर साहेब म्हणाले, “न वाचता व्हय म्हणायचे, ही पद्धत केव्हापासून सुरू झाली?” पुढच्या वेळी मात्र त्यांनी चष्मा आधीच लावून ठेवला. मग सहीऐवजी अंगठा त्या यंत्रावर ठेवायचा होता. सहीच्या सोहळ्यासाठी घड्याळ काढून बसलेले साहेब आपल्या अंगठ्याकडं जरा वेळ बघत राहिले. मग शर्टाला पुसून त्यांनी तो यंत्रावर टेकवला.

कराराचा कागद हातात आल्यावर त्यांनी तो सरळ मला दिला. “आता तू राहतेस,” ते म्हणाले.

नव्या पत्त्यावर पोलीस तपासाला आला त्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले होते. साहेबांनी दार उघडलं. तो म्हणाला, “पासपोर्टच्या तपासाला आलोय.” साहेब म्हणाले, “पुरावा?”

बिचाऱ्यानं ओळखपत्र काढून दाखवलं. साहेबांनी उजेडात धरून वाचलं, “मान्य” म्हणाले आणि त्याला आत घेतलं. त्यानं विचारलं, “मुलगी इथंच राहते का?” एवढ्याशा प्रश्नाला साहेबांनी घरभर फिरवून उत्तर दिलं. माझी खोली, माझ्या चपला, दोरीवर वाळणारा माझा दवाखान्याचा गणवेश. शेवटी काकूंनी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि चिठ्ठ्या लावलेल्या भांड्यांवर बोट ठेवत म्हणून दाखवलं, “हे टोप्फ. हे लोफेल. हे झाल्त्स. आता सांगा, पोरगी हितं राहत नसती तर मला हे आलं असतं का?”

पोलीस खदखदून हसला. “काकू, मला फक्त एक सही पाहिजे,” तो म्हणाला. चहा आणि धपाटे खाऊनच तो गेला. थोड्याच दिवसांत पासपोर्ट पोस्टानं आला.

व्हिसाचं काम चालू असताना साहेबांनी माझ्या कराची बाजू हातात घेतली. माझा पगार एवढा कमी होता की कर बसतच नव्हता. तरी त्यांनी मला विवरणपत्र भरायला लावलं. मी म्हटलं, “साहेब, सगळीकडं शून्यच लिहायचंय, तर भरायचं कशाला?” ते म्हणाले, “आपल्याकडे काही नाही, हेही आपणच सांगावे. दुसऱ्याने सांगितले की तो अपमान होतो.” मग त्यांनी मला समजावलं की तिकडं गेल्यावर तिकडच्या पगाराचा कर तिकडं, इथं व्याजबीज काही मिळालं तर त्याचं इथं, आणि एकाच पैशावर दोनदा कर बसू नये म्हणून दोन्ही देशांनी आपसात करार केलेला आहे. “बघ,” ते म्हणाले, “देशदेखील भाडेकरार करतात.” ही त्यांची मी ऐकलेली एकमेव कोटी. त्यानंतर बराच वेळ ते स्वतःवर खूश होते.

जायच्या आधी बँकेतलं खातं बदलायचं होतं, अनिवासीचं करून घ्यायचं होतं. त्यासाठी अर्ज भरायला आबा आणि साहेब दोघंही माझ्याबरोबर बँकेत आले. बँकेतल्या बाईंनी सहज विचारलं, “म्हणजे ह्या आता अनिवासी ना?”

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते सहसा चारचौघांत बोलत नाहीत. “बाई, आमची पोरगी अनिवासी कशी काय? घर हाय की तिला. तिची आय हाय, म्या हाय. कामाला चाललीय ती. घरातनं काढलेली न्हाय.”

बाई गडबडल्या. रांगेतली माणसं बघायला लागली. मी आबांचा हात धरला. एवढे महिने त्यांनी मला एका शब्दानं अडवलं नव्हतं. त्यांच्या मनात काय साठलं होतं ते मला त्या शब्दामुळं कळलं.

साहेब पुढं झाले. मला वाटलं आता कलम सांगतील. पण ते आबांजवळ उभे राहून म्हणाले, “पाव्हणं, ह्यो शब्द घराचा न्हाय, आयकराचा हाय. सरकारला फकस्त कर कुठं घ्यायचा ते ठरवायचं असतं. घर कुठलं ते सरकार ठरवत नसतं. ठरवू बी नये.”

“लिवलं तर काय बिघडत न्हाय म्हणता?”

“काय बी बिघडत न्हाय. म्या सही करतो पायजे तर, ही तुमच्याच घरची हाय म्हणून.”

“तुम्ही नका करू,” आबा टोपी घालत म्हणाले. “ते मला मालूम हाय.” आणि बाईंना म्हणाले, “लिवा.”

जर्मनीत पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं की तिथंही सगळं घरमालकाच्या सहीवर अडतं. नव्या माणसानं शहराच्या कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवायचा. त्याशिवाय कराचा क्रमांक येत नाही, बँकेत खातं उघडत नाही, पगार होत नाही. आणि त्या नोंदणीला घरमालकाचं लेखी पाहिजे की हो, ही माझ्याकडं राहते. मला धडकीच भरली. माझी घरमालकीण एक म्हातारी विधवा होती. तिला विचारायला मी दोन दिवस शब्द जुळवत होते. शेवटी विचारलं, तर तिनं छापील कागद घेतला, फ्रिजला टेकवला, सही केली आणि परत फुलांना पाणी घालायला गेली.

साहेबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, “हात धुतले होते का तिने?”

नोंदणीच्या कार्यालयातली बाई माझे कागद बघत म्हणाली, जन्म उस्मानाबादचा आणि शेवटचा पत्ता धाराशिवचा, ही दोन शहरं एकमेकांपासून किती लांब आहेत? मी म्हटलं, एकच आहे, नाव बदललंय. तिनं मान डोलावली. मग तिनं धर्म विचारला. तिथं काही चर्चच्या सदस्यांच्या पगारातून वेगळा कर कापतात, म्हणून तो रकाना. मी सांगितलं ते तिनं लिहून घेतलं, आणि तो कर मला लागणार नाही असं सांगून पान उलटलं.

हेही मी साहेबांना सांगितलं. मला वाटलं धर्मावरच्या कराचं ऐकून ते खूश होतील, कलमं विचारतील. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

“तिनं पुरावा न्हाय मागितला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“तू बोललीस आन् तिनं लिवलं?”

“हो.”

“आमच्या बापानं धर्म बदलला त्याच्या पुढच्या साली मला शाळेत घातलं. त्यानं मास्तरला सांगितलं, बौद्ध लिवा. मास्तरनं जुनंच लिवलं. तो एक रकाना दुरुस्त करायला म्या मोठेपणी किती अर्ज केले असतील, मोजले न्हाईत.” मग घसा खाकरून ते म्हणाले, “सदर बाईंना माझा नमस्कार कळव.”

मी कळवला नाही. कसा कळवणार? पण पुढं एकदा त्या कार्यालयात काम निघालं तेव्हा त्या बाईंकडं बघून मी इतकं मोठं हसले, की त्याही हसल्या.

गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा सुट्टीवर आले. गावाकडं चार दिवस राहून धाराशिवला गेले. काकू एकट्याच घरी. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवला, बारीक झालीस म्हणाल्या, आणि साहेब कुठं म्हटल्यावर कपाळाला हात लावला. “गेलेत त्या निबंधकाच्या हापिसात. तुझ्या खोलीत आता कळंबकडची एक पोरगी असती. जपानी शिकती. भिंतीवर मुंग्यावाणी अक्षरं चिटकवलीत. तिचा करार करायला गेलेत. तुझ्यापसून हेंची भीड चेपलीय. गल्लीतल्या दुसऱ्या मालकांना बी धरून नेतेत, पोरींना करार करून द्या म्हणून.”

मी रिक्षा करून कार्यालयात गेले. साहेब एका घडीच्या स्टुलावर बसले होते. गुडघे दुखतात म्हणून हल्ली ते घरूनच घेऊन येत, हे मागाहून कळलं. शेजारी भिंतीला टेकून एक सावळी, चुणचुणीत मुलगी उभी होती. साहेब जरा वाकले होते, केस पांढरेशुभ्र झाले होते. त्यांनी मला पाहिलं. मला वाटलं उठतील, काही म्हणतील. त्यांनी एकदा आपादमस्तक बघितलं आणि म्हणाले, “बरे झाले आलीस. एक साक्षीदार कमी पडत होता. ज्याला करायचे ठरले होते, तो सकाळपासून फोन उचलत नाही.”

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. आम्ही तिघं आत गेलो. टेबलामागं नवा कारकून होता, तरुण. त्यानं माझं आधार कार्ड घेतलं, यंत्रात बघितलं आणि साहेबांकडं बोट करून यांत्रिक आवाजात विचारलं, “मॅडम, तुम्ही ह्यांना ओळखता का?”

साहेब समोरच्या भिंतीकडं बघत ताठ बसले होते, जणू मला जन्मात कधी पाहिलं नाही. साक्षीदाराला पढवलंय असं कुणाला वाटू नये, म्हणून.

“व्हय,” मी म्हटलं. “चांगलं ओळखते.”

“किती वर्षांपासून?”

मी हिशोब करायला लागले. तेवढ्यात ती जपानी शिकणारी मुलगी हळूच माझ्या कानाशी म्हणाली, “ताई, लवकर सांगा, न्हाईतर ते पुरावा मागतील.”

मी हसू दाबत वर्षं सांगितली आणि अंगठा यंत्रावर ठेवला.